घोडीच्या पायाला चिखल्या: औषध कुठलं लावू?

भिवपुरीची वाट

मंडळी, पावसाळी प्रश्न आहे. जरा सविस्तर लिहितो.

कर्जत-नेरळ पट्ट्यात आमचं घर, दारात दोन घोड्या. एक कुमैत (लालसर तपकिरी), दुसरी पंचकल्याणी (चारही पाय आणि कपाळ पांढरं). आषाढ लागल्यापासून पंचकल्याणीने मागचे दोन्ही पाय धरलेत. खुराच्या वर मागच्या अंगाला जो खळगा असतो, तिथे खपल्या आहेत. केस गुच्छागुच्छाने चिकटलेत. खपली निघाली की खाली लाल, ओली कातडी आणि पिवळट चिकट पाणी. हात लावला की पाय झटकते. लंगडत नाही, खाणंपिणं ठीक आहे. कुमैत तिच्याच शेजारी, त्याच चिखलात उभी असते, पण तिला काही म्हणता काही नाही.

सल्ल्यांची कमी नाही. गावातले म्हणतात गाडीचं जळकं ऑईल फासा. मेडिकलवाल्याने जांभळं औषध दिलं, त्याने पाय जांभळा झाला, बाकी फरक शून्य. एक मित्र म्हणतो डेटॉलच्या पाण्याने दिवसातून दोनदा धुवा, दुसरा म्हणतो पाणी अजिबात लावू नका. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर गुरांच्या लसीकरणात अडकलेत, पुढच्या आठवड्यात येतो म्हणाले. तोवर काय करू? आणि एकीलाच का?

तापीकाठचा

भाऊ, आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या सारंगखेड्याच्या यात्रेला घोडे घेऊन जाणारं. एवढ्याशा खपल्यांसाठी डॉक्टरची वाट कशाला बघता? जळकं ऑईल आणि गंधक, दोन्ही खलून लावा. आमच्या आजोबांपासून हेच चालत आलंय. डॉक्टर येईस्तोवर घोडं म्हातारं होईल.

गोठ्यातला डॉक्टर

जळक्या ऑईलबद्दल आधी लिहितो, कारण हा धागा वाचून आज संध्याकाळीच कोणीतरी ते फासेल. इंजिनातून काढलेल्या तेलात धातूंचे कण असतात, जळून तयार झालेली घातक रसायनं असतात. उघड्या कातडीवर ते लावलं की आग होते, कातडी आणखी सोलते, आणि घोडी पायाला तोंड लावते तेव्हा ते पोटातही जातं. तरी आजोबांना गुण दिसला असेल, हे मी नाकारत नाही. तेलाने खपली मऊ होऊन गळते आणि वरून पाणी लागत नाही. ही दोन्ही कामं निरुपद्रवी वस्तूंनी होतात. त्यात तापीकाठी पाऊस बेताचा, यात्रा मार्गशीर्षात. तिथला चिखल आणि कर्जतचा चिखल यांत फार फरक आहे हो.

आता आजाराकडे. चिखल हा रोग नव्हे. सतत भिजलेली कातडी फुगते, मऊ पडते. चिखलातली रेती आणि गवताच्या काड्या तिच्यावर बारीक ओरखडे काढतात आणि तिथून जिवाणू आत शिरतात. पुष्कळदा तो डर्मॅटोफिलस काँगोलेन्सिस असतो. १९१५ साली बेल्जियन काँगोतल्या गुरांवर त्याचं पहिलं वर्णन झालं, म्हणून हे नाव. सुकलेल्या खपलीत तो महिनोन्‌महिने पडून राहतो. पाणी मिळालं की त्याचे बीजकण सुटतात, त्यांना शेपटी असते, पोहत पोहत शेजारच्या कातडीवर जातात. भर पावसात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या घोड्याच्या पाठीवर ज्या खपल्या धरतात, त्याही याच्याच. पायावर मात्र तो सहसा एकटा नसतो, स्टॅफिलोकॉकस हा दुसरा जिवाणू मागोमाग येतोच.

एकीलाच का, तर ती पंचकल्याणी आहे म्हणून. पांढऱ्या केसांखालची कातडी गुलाबी असते, तिला रंगद्रव्याचं संरक्षण नसतं, ती लवकर दुखावते. बाजारात ज्या चार पांढऱ्या पायांचे आपण जास्तीचे पैसे मोजतो, तेच पाय पावसाळ्यात खर्चात पाडतात.

उपचार सांगतो, पण त्याआधी एक अट. घोडीला उभं राहायला कोरडी जागा करा. ती नसेल तर पुढचं काहीही वाचू नका, औषधाचे पैसे अक्षरशः चिखलात जातील.

जागा झाली की दुखऱ्या भागाचे केस कातरून घ्या, म्हणजे ओल धरून राहणार नाही आणि औषध कातडीपर्यंत पोचेल. वस्तऱ्याने भादरू नका, नवे काप पडतात. सुकी खपली ओढून काढायची नाही. कोमट पाण्यात भिजवलेला स्वच्छ फडका धरून ठेवा. खपली फारच जाड असेल तर साधं व्हॅसलीन किंवा सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम थापून वर प्लॅस्टिकचा पातळ कागद, त्यावर कापूस आणि सैलसर पट्टी बांधून रात्रभर ठेवा. सकाळी आपोआप सुटेल तेवढीच काढा. राहिली तर दुसऱ्या दिवशी. काढलेल्या खपल्या जमिनीवर टाकू नका, गोळा करून जाळा. त्यांच्यातच बियाणं आहे.

मग क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा २ टक्क्यांचा शाम्पू, कुत्र्यांसाठी मिळतो तोच चालेल. फेस करून १० मिनिटं राहू द्या. लोक इथेच घाई करतात, लावलं की लगेच धुतात, मग औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. त्याआधी अंगाचा किंवा कपड्यांचा साबण वापरू नका, साबणाने क्लोरहेक्सिडिन निकामी होतं. शाम्पू मिळाला नाही तर पोव्हिडोन आयोडीन पाण्यात घालून फिक्या चहाच्या रंगाचं करा. त्यानंतर स्वच्छ पाण्याने धुवायचं आणि टिपून टिपून कोरडं करायचं. हे सुरुवातीचे काही दिवस रोज, खपल्या येणं थांबलं की दोन-तीन दिवसांआड. रोज दोनदा महिनाभर धुवत बसाल तर तुम्हीच कातडी भिजत ठेवताय असा त्याचा अर्थ. डेटॉल नको, तिथली कातडी त्याने चुरचुरते.

पूर्ण सुकल्यावर सिल्व्हर सल्फाडायझिनचा पातळ थर. माणसांना भाजल्यावर लावतात तेच पांढरं मलम, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं. जाड खपली मऊ करायची ती रात्र सोडली तर ओल्या किंवा न धुतलेल्या कातडीवर कुठलंही चिकट मलम लावू नका, खाली जिवाणूंना हवी तशी ओलसर, बंद जागा मिळते.

हातात मोजे घाला. क्वचित हा माणसालाही लागतो.

दस्तुरीवरून

डॉक्टरसाहेब, सगळं पटलं. पण "कोरडी जागा करा" हे सांगायला सोपं आहे. आम्ही माथेरानचे. दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटार नाही, त्यामुळे आतापर्यंत माणूस, सामान, सिलिंडर सगळं घोड्यावर आणि हातगाडीवर. हल्ली ई-रिक्षा आल्यात, तो वेगळा विषय, त्यावर इथे भांडण नको. पावसाळ्यात धंदा मंदावतो, बरेच जण घोडे खाली नेरळकडे उतरवतात. वर राहतात त्यांच्या वाट्याला जांभ्याची लाल माती. ती केसांत बसली की निघता निघत नाही.

आमच्याकडे काय करतात ते सांगतो. फेरीवरून आला की घोड्याचे पाय धुवायचे नाहीत. छपराखाली घ्यायचा, गोणपाटाने ढोपरापासून खाली पुसायचा. वर-खाली रगडायचं नाही, दाबून पाणी टिपायचं. खळग्यात बोटं घालून बघायचं, तिथे पाणी साचतं. रात्री माती वाळली की सकाळी मऊ ब्रशने झाडायची. लोखंडी खरारा पायाला लावायचा नाही, तो अंगासाठी. चारही पायांना वेगवेगळी गोणी घेणारे लोक आहेत आमच्यात, सगळ्यांकडून होत नाही ते.

जमीन: मुरूम टाकून ठोकायचा, मागच्या बाजूला उतार द्यायचा, आणि वळचणीखाली चर. पागोळ्यांचं पाणी आत येतं तेच सगळ्यात वाईट, कारण घोडा मागचे पाय नेमके तिथेच ठेवून उभा राहतो. तुमच्या घोडीचे मागचेच पाय का धरले, ते छपराच्या कडेला जाऊन बघा एकदा.

यॉर्कशरमधला पुणेकर

इथे इंग्लंडमध्ये हा आजार हिवाळी. ऑक्टोबर ते मार्च कुरणाच्या फाटकापाशी चिखलाचं डबकं, आणि चारा मिळेल या आशेने घोडे नेमके तिथेच उभे. मी ज्या तबेल्यात मदतीला जातो, तिथे या एका प्रश्नावरून दोन तट आहेत. एक तट म्हणतो, पाय रोज नळीने धुवा. दुसरा म्हणतो, वाळू द्या आणि झाडा. मी दुसऱ्या तटात. नळीच्या जोराने रेती कातडीत घुसते, धुतल्यावर कोणी धड पुसत नाही, आणि ओल्या पायांनी घोडा पुन्हा आत बांधला जातो. दस्तुरीवाल्यांची गोणपाटाची पद्धत इथल्या निम्म्या महागड्या तबेल्यांपेक्षा शहाणी आहे.

इथे आणखी एक भानगड असते. शायर, क्लाइड्सडेल अशा ओझ्याच्या घोड्यांच्या पायांवर लांब केसांची झालर असते, तिच्यात कोरिऑप्टीस नावाचे किडे राहतात. घोडा जमिनीवर पाय आपटतो, एक पाय दुसऱ्याला घासतो. तिथे चिखल्यांचं औषध कितीही करा, किडे मारल्याशिवाय उपयोग नाही. तुमच्या घोडीचे पाय काठेवाडी-मारवाडीसारखे सडसडीत असतील तर ही शंका कमी. पण खाज आहे का, तेवढं बघा.

बैलपोळा

किडे असले तर सोपं आहे. गोचिडांसाठी गुरांवर मारतो ते अमित्राझ पाण्यात घालून पायावर फवारा. आमच्या म्हशींना दर पावसाळ्यात मारतो, एकदम साफ.

गोठ्यातला डॉक्टर

नाही, नाही, नाही. बैलपोळाभाऊ, राग मानू नका, पण हे मोठ्या अक्षरांत लिहायला हवं. घोड्याला अमित्राझ चालत नाही. गाय, म्हैस, कुत्रा यांना चालतं. घोड्याच्या आतड्यांची हालचाल त्याने मंदावते, शेण अडकतं, पोटशूळ उठतो आणि घोडा दगावूही शकतो. गुरांचं औषध घोड्याला नेमकं कुठे चालत नाही, हे ज्याला ठाऊक नाही त्याने घोड्याला गुरांचं औषध देऊच नये.

किड्यांची शंका असेल तर कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघता येते. आयव्हरमेक्टिनची (जंताच्या औषधाची) पेस्ट तोंडावाटे दिली तरी हे किडे पुरते मरत नाहीत, ते कातडीच्या वरच राहतात, म्हणून वरून लावायचं औषध लागतं. ते कुठलं, हे घोडी बघूनच ठरवावं.

मेंढका

आमचं मूळ फलटणकडचं, धनगर. घरात मेंढ्या आणि ओझ्याची भीमथडी घोडी कायम. दिवाळीनंतर वाडा (कळप आणि बिऱ्हाड) कोकणात उतरतो आणि पाऊस यायच्या आत घाट चढून माघारी येतो. कोकणातल्या पावसात मेंढरांचे खूर सडतात, लोकर कुजते. म्हाताऱ्यांनी चिखलावर औषध शोधलं नाही, चिखलातून निघून जायचं ठरवलं. भिवपुरीकरांना ते शक्य नाही हे मला कळतं.

एक विचारतो. घोडीला पिछाडी (मागचे पाय बांधायची दोरी) लावता का? दोरी कशाची आहे?

भिवपुरीची वाट

सगळ्यांचे आभार. दस्तुरीवाल्यांनी सांगितलं तसं जाऊन बघितलं, पत्र्याची पागोळी बरोबर मागच्या पायांवर पडते. पन्हळ लावायला माणूस बोलावलाय.

मेंढकाभाऊ, पिछाडी लावतो, पंचकल्याणी लाथ मारते म्हणून. नायलॉनची दोरी. कुमैतला फक्त अगाडी, म्हणजे पुढची दोरी.

मेंढका

मग निम्मं उत्तर तिथेच आहे. नायलॉन भिजलं की आवळत नाही पण कापतं. बरोबर त्याच खळग्यात घासतं. सुती चऱ्हाट घ्या आणि पायाला लागतो तो भाग जुन्या धोतराच्या पट्टीने गुंडाळा. पट्टी दोन-तीन जोड ठेवा, ओली झाली की बदला. शक्य असेल तर बरं होईपर्यंत पिछाडी सोडा. लाथ मारते तर कुमैतला लांब बांधा.

गोठ्यातला डॉक्टर

मेंढकाभाऊ, मला हे विचारायला सुचायला हवं होतं. रंगद्रव्य नाही, वरून पागोळी, खालून दोरी. तिन्ही एकाच बोटभर जागेवर.

रानभाजी

लावणीच्या दिवसांत आमच्या पायांच्या बोटांना चिखल्या होतात तेव्हा आई मेंदीचा पाला वाटून लावते. पाय लाल होतात पण सुकतात. घोड्याला चालेल का? राखही टाकतात म्हणे गोठ्यात.

गोठ्यातला डॉक्टर

मेंदीने कातडी आवळते, कोरडी पडते, त्यामुळे आईचं चूक नाही. ताजा पाला, आणि तोही धड कातडीवर. बाजारातल्या काळ्या मेंदीत रसायन असतं, ती लांब ठेवा. उघड्या जखमेवर पाला लावला तर घाण आत जाईल.

राख मात्र नको. लाकडाची राख भिजली की तिचं खारट, दाहक पाणी होतं. भिजून मऊ पडलेल्या कातडीला ते पोळतं. चुन्याची भुकटीही तशीच. गोठा निर्जंतुक करायचा तर घोडी बाहेर असताना, आणि जमीन पुरती सुकल्यावरच तिला आत घ्या.

जखम भरून आल्यावर, पुन्हा चिखलात जाण्याआधी लावायला कोकणातलं कोकम तेल उत्तम. गोव्यात त्यालाच भिरंडेल म्हणतात, पायांच्या भेगांना लावतात. किंवा झिंक ऑक्साइडचं मलम. दोन्ही कोरड्या, स्वच्छ, निरोगी कातडीवरच.

तळ्यात मळ्यात

एवढी चर्चा वाचून प्रश्न पडतो, मुळात पावसाळ्यात घोड्यांना कामाला लावावंच का? माथेरानला जाणारे चालत जाऊ शकत नाहीत का?

दस्तुरीवरून

ताई/दादा, चालत या, स्वागत आहे. पण घोडा चार महिने दावणीला उभा राहिला तरी खातो, आणि पाऊस त्याच्यावरही पडतो. इथे ज्यांची घोडी आजारी आहे, ती कामाची नाही, घरची आहे. कामाचा घोडा उलट लवकर कळतो, कारण रोज पाय हातात घ्यावा लागतो. आजारी घोडा फेरीला काढू नये हे मान्यच, आमच्यातही त्यावरून बोलणी होतात. वेगळा धागा काढा, येईन.

भिवपुरीची वाट

अडचण आली आहे, कोणी जागं असेल तर उत्तर द्या. केस कातरले, सांगितल्याप्रमाणे करत होतो, उजवा पाय चांगला सुकत चाललाय. पण आज संध्याकाळपासून डावा पाय सुजलाय, खुरापासून थेट वर गुडघीपर्यंत, खांबासारखा. गरम लागतोय. पाय टेकवत नाही. चारा सोडलाय. ताप १०३ आहे. मेडिकलमध्ये माणसांचं दुखीवरचं डायक्लोफेनॅक आहे, इंजेक्शन देणारा एक जण गावात आहे. देऊ का?

गोठ्यातला डॉक्टर

देऊ नका. आत्ता डॉक्टरला फोन करा, लसीकरण असो नाहीतर आणखी काही, आणि सरळ सांगा: एक पाय गुडघीपर्यंत सुजलाय, ताप १०३, लंगडी, खात नाही. हे ऐकून कोणीही पुढच्या आठवड्यावर ढकलणार नाही. घोड्याचा ताप १०१ च्या आसपासपर्यंत ठीक. जिवाणू कातडीखाली उतरलेत, तिथे वरच्या मलमाचा काही उपयोग नाही. इंजेक्शनातून प्रतिजैविक लागेल, कुठलं आणि किती ते ते ठरवतील. तोंडावाटे द्यायची काही प्रतिजैविकं घोड्याच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतात आणि जीवघेणे जुलाब लागतात, त्यामुळे घरातली कॅप्सूल वगैरे अजिबात नको.

डायक्लोफेनॅकवर जनावरांसाठी २००६ पासून देशात बंदी आहे. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात, भारतातली गिधाडं त्याने संपत आली. सूज-दुखीला मेलॉक्झिकॅम आहे, तेही डॉक्टरच्या हातून.

धनुर्वाताची लस शेवटची कधी दिली होती? घोड्याइतका धनुर्वात सहज धरणारा पाळीव प्राणी दुसरा नाही. हे त्यांना आठवणीने विचारा.

ते येईपर्यंत सुजलेल्या पायावर गार पाण्याची धार १५-२० मिनिटं, मग पाय पूर्ण टिपून घ्या. हो, पाणी. आत्ता सूज महत्त्वाची. घट्ट पट्टी बांधू नका. प्यायचं पाणी पुढ्यात ठेवा.

यॉर्कशरमधला पुणेकर

डॉक्टर म्हणतात ते ऐका. इथे पाहिलंय, एका रात्रीत पाय दुप्पट होतो. वेळेत औषध मिळालं नाही तर तो पाय पुढे थोडा जाड राहून जातो, आणि पुन्हा पुन्हा सुजतो.

भिवपुरीची वाट

डॉक्टर रात्रीच आले. शिरेतून आणि मासात इंजेक्शनं, धनुर्वाताचंही दिलं. आज ताप १०१ च्या खाली, कुट्टी खायला लागली. सूज अजून आहे पण पाय टेकवते. त्यांनी रोज थोडं थोडं चालवायला सांगितलंय, कोरड्या डांबरी रस्त्यावर. त्यांनी पायावर गाठी आहेत का ते फार बारकाईने पाहिलं, नाकातून काही येतं का ते विचारलं. कशासाठी?

गोठ्यातला डॉक्टर

ग्लँडर्ससाठी, हा घोड्यांचा जिवाणूंमुळे होणारा संसर्गजन्य रोग. मागच्या पायाच्या आतल्या बाजूने, लसिकावाहिन्यांच्या रेषेवर ओळीने गाठी येतात, त्या फुटून मधासारखा स्राव येतो. नाकातूनही घट्ट स्राव. माणसाला होतो आणि मारतो. २००९ च्या कायद्यानुसार संशय आला तरी कळवणं बंधनकारक आहे, रक्ताची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. तुमच्याकडे तसं काही नाही, पण प्रत्येक डॉक्टरने ते बघायलाच हवं, त्यांनी बघितलं याचा मला आनंद झाला.

पायावरची प्रत्येक खपली चिखल्यांची नसते, म्हणून आणखी दोन ओळखी सांगून ठेवतो. पावसात पायावर एकच मोठी, ओंगळ, झपाट्याने वाढणारी जखम असेल, खूप खाजत असेल आणि तिच्यातून पिवळट कडक खडे निघत असतील, तर तो पायथिओसिस, म्हणजे बुरशीसारख्या जिवामुळे होणारा रोग, असू शकतो. साचलेल्या पाण्यातून येतो. जुने पशुवैद्य त्याला आणि माश्यांमुळे होणाऱ्या व्रणाला मिळून बरसातीच म्हणायचे. तिथे वाट बघायची नाही, लवकर कापून काढली तरच आशा.

दुसरं, खपल्या फक्त पांढऱ्या भागावर, म्हणजे पायांबरोबर नाकाच्या पांढऱ्या पट्ट्यावरही असतील, ऊन पडलं की वाढत असतील, तर यकृताकडे बघा. बांधावर घाणेरी माजलेली असते. गुरं आणि शेळ्या ती खाऊन आजारी पडतात तशी घोडीही पडू शकते. तिथे पाय चोळून काही होणार नाही, घाणेरी तोडायची आणि घोडी उन्हातून आत घ्यायची.

तापीकाठचा

डॉक्टरसाहेब, ऑईलचं मागे घेतो असं नाही म्हणणार, आजोबा रागावतील. पण एक विचारायचं होतं. आमचा नुकरा (पांढरा घोडा) आहे, लग्नाच्या वरातीचा. सगळाच गुलाबी कातडीचा. तुळशीच्या लग्नानंतर सुपारी सुरू होते. पायाला जुने डाग आहेत, वरातीत लोक बघतात म्हणून आमचा पोरगा मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणून लावतो, दोन दिवसांत लाली जाते.

गोठ्यातला डॉक्टर

त्या ट्यूबवर बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, पोराला वाचायला सांगा. खाजेच्या बहुतेक ट्यूबमध्ये जोरदार स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीचं औषध एकत्र असतं. लाली स्टेरॉइडने जाते, जिवाणू तिथेच राहतात, कातडी पातळ होत जाते आणि पुढच्या पावसात दुप्पट धरते. काही पांढऱ्या पायांना स्टेरॉइड खरंच लागतं, रक्तवाहिन्यांचा दाह असतो तेव्हा. पण घोड्याला स्टेरॉइड जास्त झालं तर खुरांचा दाह होण्याचा धोका असतो, आणि वरातीच्या घोड्याचे खूर गेले तर काय राहिलं? आजोबांना नमस्कार सांगा.

तापीकाठचा

सांगतो. ट्यूब बंद.

भिवपुरीची वाट

पन्हळ बसली. सुती चऱ्हाट आणलं, सध्या पिछाडी बंदच आहे, कुमैत दुसऱ्या टोकाला. अर्ध्या भागात मुरूम ठोकलाय, पण पेंढा अंथरला की सकाळपर्यंत मुतून लगदा होतो. अंथरायला दुसरं काय?

दस्तुरीवरून

पेंढा पाणी धरतो, शोषत नाही. तुमच्या भागात भाताच्या गिरण्या आहेत, तूस घ्या, चांगला जाड थर द्या. ओला झालेला भाग रोज सकाळी फावड्याने काढायचा, तेवढंच नवीन टाकायचं. लाकडाचा भुसाही चालतो, पण वखारीतून आणाल तर उघड्यावर भिजलेला घेऊ नका आणि रसायन मारलेल्या लाकडाचा नको. तूस उडतं म्हणून घोडी शिंकत असेल तर वरून हलकं पाणी शिंपडतात काही जण. तुमच्या बाबतीत ते करू नका.

भिवपुरीची वाट

तूस कर्जतला मिळालं, गिरणीवाला पोत्यामागे अगदी नाममात्र घेतो. उजव्या पायावर नवे केस फुटायला लागलेत. डाव्याची सूज घोट्यापाशी थोडी उरलीये, डॉक्टर सोमवारी परत बघणार आहेत. बैलपोळाभाऊ, तुमच्या म्हशींना अमित्राझ मारता तेव्हा शेजारी घोडं असेल तर?

बैलपोळा

घोडं नाही. गाढव आहे, शेजारच्या कुंभाराचं. त्याला लांब बांधायला सांगतो.

गोठ्यातला डॉक्टर

गाढवालाही तोच नियम. आणि फवारणीनंतर पंप नीट धुवा, त्याच पंपाने घोड्या-गाढवांवर दुसरं काही मारू नका.